लसूण ठेचा, उकळू नका

बागेची विचारपूस : वाचकांचे प्रश्न आणि आमच्या वनस्पतिरोगवाल्या बाईंची उत्तरं

या खेपेला पाच पत्रं घेतली आणि पाचही कोकोची निघाली. आषाढ-श्रावणात ज्यांच्या आगरात कोको असतो त्यांचं डोकं ठिकाणावर नसतं, तेव्हा यात नवल काही नाही. माझ्या स्वतःच्या माडांखाली ४३ झाडं आहेत. वनस्पतिरोगशास्त्र शिकवण्यात नोकरी गेली तरी ती झाडं मला दर पावसाळ्यात नापास करतात. तेव्हा खालची उत्तरं देवळाच्या कठड्यावर बसून दिलेली समजू नका, चिखलात उभी राहून दिली आहेत.

प्रश्न : पोफळीच्या आगरात कोकोची १२० झाडं आहेत, वय सात वर्षं. श्रावण लागला की फळं काळी पडतात. काही अंगठ्याएवढी असतानाच, काही पिकायला आलेली. रासायनिक काही मारायचं नाही असं घरात ठरलंय. दोन वर्षं लसूण-मिरचीचा काढा उकळून, गाळून मारतोय. निंबोळी तेलही मारलं. गुण नाही. आता हळद घालून बघू का?
– बागायतदार, सावंतवाडी तालुका

उत्तर : हळद स्वयंपाकघरात राहू दे. कोयती घ्या आणि आगरात चला, कारण तुम्ही दोन निराळी दुखणी एकाच पोत्यात भरली आहेत.

अंगठ्याएवढी फळं आधी पिवळसर होतात, मग काळी पडून सुकतात आणि खोडाला तशीच चिकटून राहतात. हा रोगच नव्हे. झाडाला जेवढी पोसवतात तेवढी ते ठेवतं, बाकीच्यांचा दाणापाणी तोडतं. दहातली सात-आठ अशी जाणं कोकोला नेहमीचं. आंब्याची कैरीही अशीच जाते, पण ती गळून पडते म्हणून आपण विसरतो. कोकोचं बाळफळ वाळून डोळ्यांसमोर लटकत राहतं, म्हणून जिवाला लागतं. त्यावर तुम्ही लसूण मारा नाहीतर गंगाजल शिंपडा, फरक पडणार नाही.

मोठ्या फळाचं वेगळं. देठाशी किंवा टोकाशी रुपयाएवढा चॉकलेटी डाग दिसतो. दाबून बघितलात तर सुरुवातीला टणक लागतो. त्या डागाच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत बघायला जा. डाग रेघ ओलांडून पुढे गेला असेल तर ती फळकूज. सतत ओल असली तर साधारण दोन आठवड्यांत अख्खं फळ काळं होतं आणि सकाळी त्यावर पांढुरकी, पिठूळ लव दिसते. डाग रेघेच्या आतच राहिला, खोलगट आणि लहान असला, आणि तसे बरेच असले, तर ढेकण्याने सोंड खुपसली असेल. काजूवरचा तोच ढेकण्या. निंबोळीचा थोडाफार उपयोग होईल तो त्याच्यावर. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन मुळात किड्यांसाठीच आहे.

फळकूज करणारीचं नाव फायटोफ्थोरा पामिव्होरा. पामिव्होरा म्हणजे ताडामाडाची जात खाणारी. १९०७ साली बटलर नावाच्या शास्त्रज्ञाने गोदावरीच्या मुखाकडच्या ताडांवरच्या रोगातून तिचं पहिलं वर्णन केलं. माडाचा कोंब कुजतो तो हिच्यामुळे, आणि पोफळीचा कोळे रोग, म्हणजे सुपारी कुजून गळण्याचा, हिच्याच बहिणींचा. म्हणजे तुमच्या आगरात वर, मध्ये आणि खाली असं सगळं घराणं नांदतंय. आपण सवयीने बुरशी म्हणतो, पण खरं नातं तपकिरी शेवाळांशी. हिचे बीजाणू शेपट्या हलवत पाण्यात पोहतात. फळावर पाण्याचा पापुद्रा असला की त्यांना तेवढी नदी पुरते. खालच्या कुजक्या फळावर पावसाचा थेंब आपटून वर उडतो, मुंग्या माती चढवतात, आणि वरच्या फळाची पाळी येते.

आता तुमचा काढा. लसणात बुरशीला मारणारं जे द्रव्य आहे, अ‍ॅलिसिन, ते अख्ख्या पाकळीत नसतंच. पाकळी ठेचली की आतलं एक विकर (एन्झाइम) दुसऱ्या एका घटकाला भेटतं आणि तिथल्या तिथे अ‍ॅलिसिन तयार होतं. ठेचा करताना नाकात जातो तो दर्प त्याचाच. तुम्ही पाकळ्या उकळत्या पाण्यात टाकल्यात की ते विकरच मरतं, आणि थोडं अ‍ॅलिसिन झालेलं असलं तर तेही उष्णतेने मोडतं. दोन वर्षं तुम्ही झाडांना लसणाचं सार पाजलंत. ठेचायचा, दहा मिनिटं तसाच ठेवायचा, मग थंड पाण्यात कालवून गाळायचा आणि त्याच दिवशी संपवायचा. हळदीचं म्हणाल तर कुरकुमिन पाण्यात विरघळत नाही आणि उन्हात टिकत नाही. हात तेवढे पिवळे होतील.

पण नीट ठेचलेल्या लसणानेही श्रावणात तुमचं आगर वाचेल असं मी लिहून देणार नाही. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वनस्पतींची ही द्रव्यं एकतर उडून जातात, नाहीतर पाण्याबरोबर वाहून जातात. लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल, गवती चहातलं सिट्रल, सगळी जहाल आहेत, फायटोफ्थोराला खरोखर रोखतात. पण आगरात नुसतं जहाल असून भागत नाही, टिकावं लागतं. बोर्डोची, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या मिश्रणाची, मातब्बरी तीच. वाळलं की त्याचा निळा थर पाण्यात सहज विरघळत नाही, चिकटून राहतो आणि तांबं थोडं थोडं सोडतो. १९१०च्या सुमाराला म्हैसूर संस्थानात कोलमन नावाच्या शास्त्रज्ञाने कोळे रोगावर त्याची फवारणी रुजवली, ती आजही चालू आहे.

तुमच्या पोफळींवर मिरगाआधी बोर्डो मारता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मारत असाल तर तुमचं आगर आधीच ‘रासायनिक’ आहे, आणि तोच हात खाली कोकोच्या फळांवर फिरवायला हरकत काय? सेंद्रिय प्रमाणपत्राच्या शेतीतही तांब्याला मर्यादित मुभा असते, ती प्रमाणीकरणवाल्यांना विचारून घ्या. मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर. दोन्ही निरनिराळ्या प्लास्टिकच्या पिंपांत भिजवा आणि मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओता, ढवळत राहा. घासलेली सुरी मिनिटभर बुडवून बघा. पातं तांबूस झालं तर चुना कमी पडलाय. मात्र तांबं मातीत साठत जातं, तेव्हा गरजेपेक्षा जास्त मारू नका.

आणि खरं काम कोयतीचं आहे. दर आठवड्याला, पाऊस असो नसो, डाग पडलेलं प्रत्येक फळ काढायचं, टोपलीतून आगराबाहेर न्यायचं आणि पुरायचं. खोडाशी टाकायचं नाही. फळ पिकायला आलेलं असेल आणि डाग लहान असेल तर त्याच दिवशी फोडा, आतल्या बिया बऱ्याचदा शाबूत मिळतात. पाणसोट, म्हणजे खोडावरचे सरळसोट फुटवे, काढा, मिरगाआधी फांद्या विरळ करा, खोडापर्यंत उजेड आणि वारा पोचू द्या. एक मात्र सांभाळा. फळं उचला, पण पालापाचोळा झाडून काढू नका. कोकोच्या फुलाचं परागीभवन करणारं चिलट, टाचणीच्या डोक्याएवढं, त्याच पाचोळ्यात वाढतं. चकाचक आगरात कोको धरत नाही.

हे सगळं करून अर्क मारायचाच असेल तर असा मारा की काय ते कळेल. दहा झाडांना लाल चिंधी बांधा, त्यांना अर्क. दहांना पांढरी, त्यांना तेवढ्याच साबणाचं नुसतं पाणी. दहांना काही नाही. कुजकी फळं मात्र तिन्हीकडची सारखीच काढायची आणि काढताना मोजायची. वहीतला आकडा मला दिवाळीनंतर कळवा. लाल चिंधीवाली खरंच जिंकली तर या सदरात माझी चूक मी छापीन.

प्रश्न : आफ्रिकेत कोकोच्या फळकुजीवर बिट्टीच्या बियांचा अर्क मारतात असं वाचलं. आमच्या कुंपणाला बिट्टीच बिट्टी आहे. बिया मिक्सरमधून काढून दशपर्णीत (दहा झाडांच्या पाल्याच्या अर्कात) घालू का? प्रमाण किती घ्यावं?
– गृहिणी आणि बागायतदार, रोहा तालुका

उत्तर : मिक्सर खाली ठेवा, ताई. पुढचं मग वाचा.

वाचलंत ते खोटं नाही. कॅमेरूनमध्ये फायटोफ्थोरा मेगाकार्या नावाची आपल्याकडच्यापेक्षा क्रूर जात आहे, दाट पावसाच्या भागात फवारणी न केलेल्या बागेतलं बहुतेक पीक ती खाते. तिथल्या शास्त्रज्ञांनी तिच्यावर पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे आपल्या बिट्टीच्या, बियांचा अर्क तपासला आणि त्याने ती रोखली जाते असं त्यांना दिसलं. लहान शेतकऱ्याला दर दोन-तीन आठवड्यांनी तांब्याचं औषध विकत घेणं परवडत नाही, म्हणून त्यांचा शोध चालू आहे आणि तो रास्त आहे.

पण त्या बियांत हृदय थांबवणारी विषं आहेत. लहानपणी आपण बिट्ट्यांनी खेळलो, त्या भाजल्या नाहीत, चावल्या नाहीत, म्हणून हे पत्र लिहायला तुम्ही आणि वाचायला मी आहे. शेजारच्या श्रीलंकेत या बिया खाऊन जीव देण्याचे इतके प्रकार झाले की तिथल्या डॉक्टरांना त्यावरच्या उताऱ्याचा अभ्यास करावा लागला. थोड्या बियाही पुरतात. उकळून विष जाईल या भरवशावर राहू नका. ज्या भांड्यात ती वाटाल त्यात उद्या चटणी होणार, आणि गाळलेला चोथा गुरं हुंगणार.

तेव्हा प्रमाण मी सांगणार नाही. दशपर्णीत काही जण कण्हेर घालतात तेही मला पटत नाही, आणि दशपर्णी मुळात किडींसाठी आहे, फळकुजीसाठी नव्हे. ‘वनस्पतीचं आहे म्हणजे निरुपद्रवी’ हे वाक्य ज्याने रूढ केलं त्याला बिट्टी दाखवायला हवी होती.

प्रश्न : मॅडम, माझ्या प्रबंधात मी कोकोच्या फायटोफ्थोरावर लवंग, दालचिनी आणि ओव्याच्या तेलांचा प्रयोग केला. पेट्री ताटलीत लवंग तेलाने वाढ शंभर टक्के थांबली. बागेत फवारलं तर शून्य. मार्गदर्शक म्हणतात, बागेचा प्रयोग गाळून टाक. काय करू?
– एम.एस्सी. (कृषी) विद्यार्थिनी

उत्तर : गाळू नकोस, बाळा. तुझ्या प्रबंधात तोच भाग वाचण्यासारखा आहे. मार्गदर्शकांना माझा नमस्कार सांग आणि हे उत्तर त्यांच्या टेबलावर उघडं ठेव.

आधी ताटलीचंच बघू. तू झाकण लावलंस. लवंग तेलातला मोठा वाटा युजेनॉलचा, आणि ते उडणारं. झाकणाखाली त्याची वाफ कोंडली गेली, बुरशीला दिवसरात्र धुरी मिळाली. बागेत झाकण कुठलं? दुसरं, वाढ थांबली म्हणजे मेली का? तो तुकडा उचलून स्वच्छ माध्यमावर ठेव. पुन्हा वाढला तर तुझं तेल रोखतं, मारत नाही. तिसरं, तू धाग्यांची वाढ मोजलीस, पण फळाला रोग लावतात ते पोहणारे बीजाणू. थोड्या पाण्यात ते सोड, थेंबभर पातळ केलेलं तेल घाल आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघ, पोहणं कधी थांबतं ते. धाग्यांना लागतं त्यापेक्षा कमी मात्रेत बीजाणू गारद होताना दिसले तर तुझ्या हाती काहीतरी आहे. आणि तेल ज्यात विरघळवलंस त्या अल्कोहोलची एकटी ताटली ठेवली होतीस का? पत्रात तिचा उल्लेख नाही.

ताटली आणि बाग यांच्या मध्ये एक पायरी आहे, ती तू गाळलीस. तोडलेल्या फळाचा प्रयोग. पूर्ण वाढलेली, हिरवी, बिनडागी फळं आण. पुसून घे, निम्म्यांवर तेल फवार, वाळू दे. मग रोगट सालीचा शेंगदाण्याएवढा तुकडा प्रत्येकावर ठेव, त्यावर ओला कापूस. झाकणाच्या बादलीत ओला वर्तमानपत्राचा कागद अंथरून त्यावर फळं ठेव. तीन-चार दिवसांत न फवारलेल्यांवर डाग दिसेल. दुसऱ्या खेपेला फवारल्यानंतर झारीने पाणी ओतून मग रोग लाव. बागेत तुझं तेल का हरलं ते ती झारी सांगेल.

माझी फजिती ऐक. एका आषाढात मीही लवंगेच्या पाल्याचं तेल मारायला निघाले, लिटरला १० मिली, साबण नावापुरता. लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड, ते पंपाच्या तळाशी बसलं. पहिल्या झाडाला तळाचं जवळजवळ निखळ तेल गेलं आणि पुढच्या पाचांना नुसतं पाणी. त्या पहिल्याची कोवळी तांबूस पालवी दोन दिवसांत कागद जळावा तशी झाली, आणि खोडावरच्या ज्या गाठींतून फुलं येतात त्या काळ्या पडल्या. त्या वर्षी त्याला फळ धरलं नाही. म्हणजे फळकूजही नाही, असं आमचे हे म्हणाले.

हिशेबही प्रबंधात घाल. समजा लिटरला अर्धा मिली पुरलं आणि झाडाला दोन लिटर फवारा लागला, तर १०० झाडांना एका वेळी १०० मिली तेल. ते उडून जाणार म्हणून आठवड्याला एकदा धर, जून ते सप्टेंबर सतरा वेळा. १.७ लिटर लवंग तेलाचा भाव बाजारात विचार आणि शेजारी मोरचुदाचा लिही.

तेल टिकवायची वाट सापडली, मेणात किंवा स्टार्चच्या सूक्ष्म गोळ्यांत बांधून, तर गोष्ट बदलते. शोध तिकडे चालला आहे. आणि एक दिशा मला जास्त आवडते. बाहेरून आणण्याआधी कोको स्वतः काय बनवतो ते बघायचं. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की व्हर्टिसिलियम नावाच्या मर रोगाच्या बुरशीला दाद न देणाऱ्या कोकोच्या खोडात, पाणी वाहणाऱ्या नळ्यांपाशी, चक्क गंधक साठतं. शुद्ध, मूलद्रव्य गंधक. द्राक्षवाले भुरीवर धुरळतात तेच, झाड घरी करतं. त्याच्याबरोबर सापडलेलं एक द्रव्य आहे अर्जुनोलिक आम्ल, ज्याचं नाव आपल्या अर्जुनसादड्यावरून पडलंय. कुठल्या कोकोत असलं काय किती बनतं हे शोधून त्याची कलमं करणं हेही वनस्पतीजन्य नियंत्रणच. त्याला पंप लागत नाही आणि पावसात ते धुवून जात नाही.

प्रश्न : मी घरी चॉकलेट करते. बिया पुत्तूरकडच्या एका बागेतून घेते. तो बागायतदार निंबोळी तेल फवारतो. चॉकलेटला कडवट वास येईल का? आणि पावसाळी खेपेत बियांना आतून बुरशी दिसली. वाळवताना लवंग तेल शिंपडलं तर?
– चॉकलेट करणारी वाचक, पुणे

उत्तर : फवारलेलं साल जाड असतं, आत काही पोचत नाही. वास शिरतो तो फोडताना, तेलकट हातांनी आणि सालाला घासून. तोडणीच्या आधी काही दिवस फवारणी थांबवायला आणि फळं धुऊन फोडायला सांगा.

बियांवर लवंग तेल अजिबात नको. बीचं निम्मं वजन चरबीचं आणि चरबी वास धरून ठेवते. धुराच्या चुलीवर वाळवलेल्या बियांचं चॉकलेट धुरकट लागतं ते त्यामुळेच. तुमचं विड्याच्या पानासारखं लागेल. हौसेने तसं करायचं तर शेवटी घाला, बियांना नको.

आतली बुरशी वाळवण रखडल्याची खूण. आंबवून झालेल्या बिया सुमारे ७ टक्के ओलाव्यापर्यंत उतरायला हव्यात. मूठभर घेऊन आवळा, चुरचुर आवाज आला पाहिजे. पावसाळी खेप घेताना पोत्याच्या मधल्या १०० बिया उभ्या कापून बघा. तीनपेक्षा जास्त आतून बुरसलेल्या निघाल्या तर पोतं परत करा, कितीही ओळखीचा असो.

प्रश्न : भाचा ब्राझीलला असतो. तिथलं उत्तम जातीचं कोकोचं फळ तो दिवाळीला सामानातून आणतो म्हणतोय. इथे बी रुजेल का?
– वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : बी रुजेल, आणि भीती तीच आहे. ब्राझीलच्या बाहियामध्ये १९८९ साली ‘विचेस ब्रूम’ हा रोग शिरला. फांद्यांना केरसुणीसारखे झुबके फुटतात आणि फळं आतून सडतात. काही वर्षांत तिथलं कोकोचं उत्पादन कोसळलं, मजूर गाव सोडून गेले. त्याचा भाऊ ‘फ्रॉस्टी पॉड’, फळावर पिठासारखे कोट्यवधी बीजाणू. दोन्ही अजून अमेरिका खंडातच आहेत, आफ्रिका आणि आशियात पोचलेले नाहीत. ते एका फळातून, किंवा बागेत घातलेल्या बुटांवरूनही येऊ शकतात, आणि त्यांच्यावर ना लसूण ना लवंग. विलगीकरणाच्या परवान्याशिवाय असं फळ आणणं कायद्यानेही गुन्हा. भाच्याला सांगा, फोटो आण. आणि त्या बागेत फिरला असेल तर बूट तिथेच टाकून ये.